उतारावरची शेड

टर्की फोर्क,
ऑक्टोबर

प्रिय डेल्सी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, तर ती भीती आधी जाऊ दे. इथे सगळे जिवंत आहेत. मीही आहे. छातीवरची शिवण आता इतकी भरलीय की थंडीत जरा खाजते, बाकी काही नाही. पत्र लिहितेय कारण आपल्या खोऱ्यात मोबाइलला रेंज मिळते ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीशी, आणि मी तुझा नंबर लावला की तुझ्या बाबांना नेमकी तिथेच येऊन पाणी प्यायची तहान लागते. वसंतापासून हे असं चाललंय. बायकोने फोन उचलला की घसा कोरडा पडणारा नवरा मी तरी दुसरा पाहिला नाही.

मी संशयी आहे हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. पण फेब्रुवारीतल्या त्या ऑपरेशनपासून या घरात मला कोणी खरं सांगतच नाही, मग संशय घेऊ नको तर काय करू? चर्चमधले म्हातारे मिलार्ड वारले, ते मला त्यांचं दफन झाल्यावर कळलं. आपली लाल गाय मेली, तर तुझे बाबा मला सांगतात, "तिला चुलतभावाकडे पाठवलीय." गाय काय पाहुणी जाते? डॉक्टरांनी "यांना धक्का बसू देऊ नका" एवढंच म्हटलं होतं. तेव्हापासून सगळे माझ्याभोवती असे चवड्यांवर चालतात, जसं काही मी कपाटाच्या कडेला ठेवलेली काचेची बरणी आहे.

शेडचं पहिल्यांदा निघालं ते ऑगस्टमध्ये. आम्ही नाश्त्याला ओटची लापशी खात होतो. (एकाचं हृदय बिघडलं की दोघांच्या ताटातलं डुकराचं मांस जातं.) बाबा वर न बघता म्हणाले, "घराच्या मागच्या अंगाला गाडीसाठी शेड बसवावी म्हणतोय. लोखंडी पाइपांची असते ना, तसली." मला वाटलं थट्टा करतायत. हयातभर शाळेची बस याच डोंगरात चालवलेला माणूस. उतारावर गाडी उभी करायला ते कधी कचरले नाहीत. आपला ट्रक तू जन्मायच्या आधीपासून अक्रोडाच्या झाडाला टेकून उघड्यावर उभा असतो. पाऊस असो, बर्फ असो, त्यांना कधी त्याची दया आली नाही. आणि आता एकदम छप्पर?

शेडच्या कंपनीचा माणूस आला. पार्नेल त्याचं नाव, पन्नाशीतला, बोलका. त्याने दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, दोरीवर पाणसळ धरली आणि शीळ घातली. घराकडच्या खुंटीला दोरी जमिनीलगत होती, आणि ओढ्याकडच्या खुंटीला ती त्याच्या कमरेपर्यंत आली होती. "होबर्ट, नेहमीचे पाय इथे चालायचे नाहीत," तो म्हणाला, "पण त्याचं काही अडत नाही. खालच्या बाजूचे पाय लांब कापून आणतो. छप्पर सरळ, जमीन आहे तशी. या डोंगरात सगळेच तसं करतात." बाबा म्हणाले, "छपराचं राहू दे. मला जमीन सरळ पाहिजे." पार्नेल हसला. "अरे, गाडी थोडी तिरकी उभी राहिली तर तिला काय सर्दी होणारेय?" बाबांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. "काठोकाठ भरलेला पेला खाली ठेवला तर थेंब सांडता कामा नये," ते म्हणाले. मी जाळीच्या दाराआड उभी राहून ऐकत होते. डेल्सी, या माणसाने आमचा लग्नातला पलंग एका पायाखाली लाकडाची ढलपी सारून आजवर चालवलाय. त्याला सपाटीचं हे वेड कुठून लागलं?

मग खोदकाम सुरू झालं. वरच्या बाजूने डोंगर खरवडायचा आणि ती माती खालच्या बाजूला भरायची. भराव घसरू नये म्हणून ओढ्याकडून रेल्वेच्या जुन्या स्लीपरांची भिंत. पार्नेलने बजावून ठेवलं होतं की ताज्या भरावात लोखंडी खुंट पकड धरत नाही; पत्र्याखाली वारा शिरला की अख्खी शेड पतंगासारखी उडेल. म्हणून माती थराथराने ठोकायची, आणि काँक्रीटचे पाये भरावातून खाली, मूळच्या घट्ट जमिनीपर्यंत न्यायचे. हे सगळं तुझ्या बाबांनी केलं, सत्तरी उलटून गेल्यावर. माती दाबायचं ते धडधडणारं यंत्र भाड्याने आणून दिवसभर त्याच्यामागे चालायचे, आणि संध्याकाळी कॉफीचा कप धरला की तो बशीवर टकटक वाजायचा. मी ते वाजणं ऐकायचे.

पहिल्यांदा मला वाटलं की घर विकायला काढलंय. उन्हाळ्यात बाहेरचे लोक मोठमोठ्या गाड्या घेऊन डोंगरात जागा बघत हिंडतात, त्यांना सपाट पार्किंग लागतं. मी सरळच विचारलं, "होबर्ट, घर विकतोयस का?" ते म्हणाले, "तुझ्यासकट? कोण घेईल?" आणि परत धुळीत निघून गेले. हसले, पण डोळे चुकवून. डोळे चुकवून हसणारा माणूस मला नेहमीच दोषी वाटतो, त्याला मी काय करू?

मग रोवेना स्टिडम यायला लागली. तुमच्या शाळेत नर्स होती ती, आपल्या पुलापलीकडची. आधी वर्षातून एकदा नाताळला यायची, आता दर आठवड्याला. हातात ब्लॅकबेरीचा केक, केस सेट केलेले. केक माझ्यासाठी, पण बोलणं मात्र लाकडांच्या ढिगामागे, तुझ्या बाबांशी, आणि तेही हळू आवाजात. एका दुपारी मी पडले होते. त्यांना वाटलं झोपलेय. मोजपट्टी सर्रकन गुंडाळल्याचा आवाज आला, तो माझ्या न्हाणीघराच्या दारातून. रोवेना म्हणाली, "यातून जायचं नाही." बाबा म्हणाले, "मग चौकट काढतो." मी छताकडे बघत पडून राहिले. मला काय वाटलं असेल सांग! मला वाटलं, हिचं कपाट! मी अजून या घरात श्वास घेतेय आणि ही बाई आपलं सामान कुठून आत येईल ते मोजतेय. चौकट खरंच दोन दिवसांत निघाली. मला सांगितलं, "वाळवी लागली होती." मी जुनी चौकट जळणात जाऊन बघितली. लाकूड खणखणीत होतं.

त्यानंतर चर्चच्या अंगणात आम्ही सफरचंदाचा मुरंबा आटवायला जमलो. ती मोठी तांब्याची कढई, आणि ढवळायला आळीपाळीने दोघीदोघी. माझ्या वाट्याला रोवेनाच आली. मी विचारलं, "रोवेना, पडदे कुठल्या रंगाचे लावणारेस?" ती म्हणाली, "कसले पडदे?" "माझ्या घराला. मी गेल्यावर." तिचा हात थांबला. खाली मुरंबा लागायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं. मग म्हणाली, "अर्लिन, तू महामूर्ख बाई आहेस," आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "धूर जातोय गं डोळ्यांत," म्हणाली. धूर तर माझ्या अंगावर येत होता.

त्या दिवशी नवऱ्याच्या लफड्याचा संशय फिटला, पण काहीतरी लपवतायत हा संशय मनातून गेला नाही. लफडं असतं तर ती रडली नसती, चिडली असती. ही दयेने रडली होती. आणि माझी दया कोणाला कशाला यावी? मी तर बरी होत होते.

सप्टेंबरअखेर शेड उभी करायला चौघं जण आले. त्यांची मुकादम एक दणकट बाई होती, टेसा. पाइप उतरवतानाच तिने विचारलं, "काका, एवढे उंच पाय? आत जिराफ बांधणार का?" बाबा म्हणाले, "एखादं उंच वाहन आलं तर असू द्यावं." तिने परत विचारलं, "आणि गाडी उभी करायची जागा एका बाजूला ढकलून उजवीकडे एवढं मोकळं का ठेवलंय?" बाबा म्हणाले, "दार उघडायला." ती म्हणाली, "दार उघडायला की त्यात नाच करायला?" बाकीचे हसले. बाबा वाकून पायाला बोल्ट आवळत राहिले. मी खिडकीतून बघत होते. आपल्याकडे उंच वाहन नाही. आपल्या ओळखीत कोणाकडे नाही. आणि शेड झाल्यावर काय केलं माहितेय? मागच्या दाराच्या दगडी पायऱ्या, ज्या त्यांच्या वडिलांनी स्वतः घडवल्या होत्या, त्या पहारीने उचकटून काढल्या, आणि शेडपासून दारापर्यंत पायरी नसलेली काँक्रीटची वाट घालायला घेतली.

तेव्हा मला कळलं, किंवा कळलं असं वाटलं. बशीवर वाजणारा कप. डोळे चुकवणं. नर्स असलेली शेजारीण आणि तिचं रडणं. त्यांचा भाऊ अन्सेल, त्याचंही असंच हातांच्या थरथरीने सुरू झालं होतं आणि शेवटी तो अंथरुणाला खिळला. म्हणजे ही सगळी तयारी त्यांच्या स्वतःच्याच आजारपणाची. मी धान्याच्या कोठीत जाऊन दार लावून घेतलं आणि पिठाच्या पिंपावर बसून रडले. मग त्यांची पावलं बघायला लागले. जिन्यावर अडखळतात का? चमच्यातलं सांडतं का? माझ्या तपासणीच्या निमित्ताने त्यांनाही डॉक्टरपुढे बसवलं. डॉक्टर म्हणाले, "अर्लिन, या माणसाची तब्येत खेचरासारखी आहे." मी बाहेर येताना मनात म्हटलं, यालाही फितवलाय.

आता त्या सकाळचं सांगते. गेल्या आठवड्यातली गोष्ट. ओढ्यावर धुकं होतं. मी लापशी चढवायला उठले, तर अंथरूण रिकामं. लापशी चढवली आणि खिडकीतून बघितलं, तर तुझे बाबा नव्या वाटेवरून व्हीलचेअर ढकलत वर येत होते. ती जुनी खुर्ची रोवेनाच्या वारलेल्या नवऱ्याची, लॉइडची होती, मी ओळखली. तो शेवटी तीतच असायचा. खुर्चीत कोंबड्यांच्या दाण्याची दोन पोती दोरीने बांधली होती. मधल्या वळणावर त्यांचा बूट सटकला, खुर्ची सुटली आणि गडगडत खाली शेडमध्ये गेली, पोत्यांसकट. तिथे रोवेना उभी होती, तिने ती कशीबशी धरली. मग बाबांनी पोती उतरवली आणि स्वतः त्या खुर्चीत बसले. हातांनी चाकं फिरवत वर यायला लागले. थोडं यायचे, थांबायचे, परत थोडं. वळणावर अडकले. चेहरा लालबुंद, मान पुढे, आणि खुर्ची इंचभरही वर सरकेना. मी मनात म्हणत होते, बघ, आत्तापासून सराव करतोय बिचारा. तेवढ्यात रोवेनाने खालून हाक मारली, "होबर्ट, पुरे! चढ जास्त आहे!" आणि ते धापा टाकत ओरडले, "माझे हात म्हातारे आहेत! तिचे हात विजेच्या खांबांवर चढलेले आहेत. तिला जमेल."

तिला.

चुलीवर लापशी करपली. मी खाली फरशीवर बसले. आणि मग एकेक गोष्ट आपोआप समोर यायला लागली, जशी आधीपासून रांगेत उभीच होती. मे महिन्यातलं वादळ. विजेच्या तारा जोडायला तुमची तुकडी टेनेसीला गेली होती. "पाठ लचकलीय आई, काही नाही, पडून राहायला सांगितलंय." तू आयुष्यात कधी बसून फोनवर बोललीस? भांडी घासत बोलायचीस, जिना उतरत बोलायचीस, एकदा तर टायर बदलताना बोललीस. आणि मे महिन्यापासून व्हिडिओवर नेहमी तीच एक पांढरी भिंत, आणि दिव्याचं बटण तुझ्या कानाशेजारी. मी तेव्हाही ते बटण बघितलं होतं. मला वाटलं, कसल्या घरात राहते ही, बटणं इतकी वर लावतात! सगळ्या जगावर संशय घेतला मी, डेल्सी. गायीवर घेतला, डॉक्टरवर घेतला, वाळवीवर घेतला. फक्त तुझ्यावर घ्यायचं सुचलं नाही.

बाबा आत आले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना खडी चिकटली होती. मी करपलेलीच लापशी वाढली. त्यांनी मुकाट्याने खाल्ली. मग मी म्हटलं, "वळणावर वाट चढी आहे. आणखी लांबवून घे, अंजिराच्या झाडाला वळसा घालून." त्यांनी चमचा खाली ठेवला. "मी तिला शब्द दिला होता," म्हणाले. मी म्हटलं, "तू काही बोलला नाहीस, होबर्ट. मी बघितलं." मग त्यांनी सगळं सांगितलं. वादळाने खिळखिळा झालेला तो खांब, आणि त्याच्यासकट तू कोसळलीस ते. तुला कमरेखाली काही जाणवत नाही ते. तुझी मैत्रीण त्यांना तुझ्याकडे इस्पितळात न्यायला नाक्यावर यायची, आणि मला ते सांगायचे की खडीची चौकशी करायला नॉक्सव्हिलला चाललोय. इतकी खडी कोणी चौकशी करून घेत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. सांगताना ते रडले. मी नाही रडले. माझं हृदय नेहमीसारखेच ठोके देत होतं. मी गळ्यापाशी बोटं ठेवून मुद्दाम मोजलं.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून वळणाचं काँक्रीट फोडलं. म्हणजे त्यांनी फोडलं, मी ढेकळं घमेल्यात भरली, आणि डॉक्टरांना हे सांगायचं नाही असं ठरलं. बघ, आता मीही लपवायला शिकले. नवी वाट अंजिरापासून फिरून येते. दोन्ही कडांना बोटभर उंच काठ ठेवलाय, चाक घसरू नये म्हणून. रोवेना म्हणते थंडीत त्यावर बर्फ धरेल, तेव्हा वर पत्रा टाकावा लागेल. ते पुढच्या वर्षी.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. रविवारी तुझा बाबांना फोन आला. तू म्हणालीस, शेडचं काम थांबवा, मी येत नाही. नॉक्सव्हिललाच तळमजल्यावर खोली बघितलीय, कायमची. आणि मला अशी बघणं आईच्या हृदयाला झेपायचं नाही, असंही म्हणालीस. मला कळलंय हे तुला सांगायचा बाबांना धीर झाला नाही. फोन ठेवला आणि शेडखाली जाऊन रिकाम्या जागेत उभे राहिले, जेवायला हाक मारली तरी आले नाहीत. तेव्हा मीच सांगते. मला कळलंय, आणि मी मेले नाही. आणि माझा एक संशय अजून शिल्लक आहे, तो तुझ्यावर: माझं हृदय हे तुझं निमित्त आहे. दारात माझा चेहरा कसा होईल ते तुला बघवणार नाही, म्हणून तू येत नाहीस. तर ऐक, चेहरा वाईटच होईल. मी रडेन, बहुतेक मोठ्याने, आणि ते तुला बघावं लागेल. त्याला इलाज नाही. मग आपण आत जाऊन घेवडा आणि मक्याचा पाव खाऊ, आणि तू म्हणशील मीठ कमी आहे, कारण आता या घरात मीठ कमीच असतं. शनिवारी रोवेनाचा भाचा उंच व्हॅन घेऊन तुला न्यायला येतोय. नको असेल तर त्याला तोंडावर नाही म्हण. नव्या वळणावरचा चढ आता तुझ्या हातांना जमेल असं बाबांना वाटतं. मला तेवढी खात्री नाही. तू चढून बघ आणि सांग. नाही जमलं तर फोडून पुन्हा घालू.

जशी असशील तशी तुझी वाट बघणारी,
तुझीच,
आई